गर्भनिरोधक गोळी : आधी तपासणी, मग गोळी, आणि निर्णय बाईचा



१० नोव्हेंबर १९३८ या दिवशी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव चर्चेला आला. गोरगरीब स्त्रियांना संततिनियमनाची साधने सरकारने उपलब्ध करून द्यावीत, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने तो आणला होता. बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी तो सभागृहात मांडला. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली आणि विरोधात ५२. ठराव पडला. वारंवारच्या बाळंतपणाने बाईचे शरीर खंगते आणि घरातले दारिद्र्य वाढत जाते, हे बाबासाहेब त्या काळात उघडपणे मांडत होते. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहणारे वकील बाबासाहेबच होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या महिला परिषदेतही त्यांनी आपल्या आया-आज्यांना हेच सांगितले होते : मुलींच्या लग्नाची घाई करू नका, लेकरे मोजकी होऊ द्या आणि जी होतील त्यांना शिकवा.

तेव्हा गर्भनिरोधक गोळी अस्तित्वातही नव्हती. ती १९६० साली अमेरिकेत आली. आज तीच गोळी आशाताईंच्या पिशवीत असते. तरीही भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांत दोन प्रकारच्या चुका दिसतात. काही बहिणी ऐकीव गोष्टींना घाबरून गोळीला हातच लावत नाहीत आणि दोन-तीन लेकरे झाली की थेट ऑपरेशन करून मोकळ्या होतात. काही बहिणी मेडिकलमधून पाकीट आणून कोणालाही न विचारता सुरू करतात. पहिल्या चुकीत नको असलेले बाळंतपण पदरी पडते, दुसऱ्या चुकीत कधी कधी जिवावर बेतते. म्हणून या वेळच्या आरोग्य पानात गोळीची पूर्ण माहिती देत आहोत.

गोळी काम कसे करते?

सरकारी दवाखान्यात मुख्यतः दोन प्रकारच्या गोळ्या मिळतात.

पहिली माला-एन. ती मोफत असते. त्याच औषधाची माला-डी नावाची गोळी अल्प किमतीत मिळते. या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन प्रकारची दोन संप्रेरके (हार्मोन) अगदी थोड्या प्रमाणात असतात. त्यामुळे बाईच्या बीजकोशातून बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो. बीजच नाही, म्हणजे गर्भ राहतच नाही.

दुसरी छाया. या गोळीत संप्रेरके नसतात. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्याच देशात, ती तयार झाली. बाजारात ती ‘सहेली’ नावानेही ओळखली जाते. छाया गर्भाला गर्भाशयात रुजू देत नाही. ती रोज घ्यावी लागत नाही.

काही उपासिका विचारतात की गोळी घेतल्याने पहिल्या शीलाचा भंग होतो का, जीवहत्या होते का. माला गोळीने गर्भ राहतच नाही आणि छायेने तो रुजत नाही. राहिलेला गर्भ यातली कोणतीही गोळी पाडत नाही. त्यामुळे ही शंका मनातून काढून टाकावी. लेकरांना पोटभर अन्न, शिक्षण आणि आईला आरोग्य मिळावे म्हणून उचललेले पाऊल मैत्री आणि करुणेच्या विरोधात जात नाही.

गोळीआधीची तपासणी

गोळी बहुतेक निरोगी स्त्रियांना चालते. पण सर्वांना चालत नाही. म्हणून पहिले पाकीट उपकेंद्रातल्या सिस्टरकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून तपासणी करूनच घ्यावे. पुढची पाकिटे आशाताईंकडून घेता येतात. तपासणीला फार वेळ लागत नाही. बीपी मोजतात, काही प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची खरी उत्तरे द्या, काही लपवू नका.

पुढील स्त्रियांनी माला-एन, माला-डी किंवा मेडिकलमधली तशीच दुसरी संप्रेरकाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये :

• बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल.
• वय ३५ किंवा त्याहून जास्त आहे आणि विडी-सिगारेट ओढण्याची सवय आहे. खर्रा, गुडाखू किंवा तंबाखूची सवय असेल तर तेही सांगा. सवय लपवून गोळी घेऊ नका.
• पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, लकवा मारला असेल किंवा हृदयाचा आजार असेल.
• अर्धशिशी आहे आणि डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकते, अंधारी येते.
• कावीळ किंवा यकृताचा आजार आहे. स्तनात गाठ आहे किंवा स्तनाचा कर्करोग झाला होता.
• खूप वर्षांचा मधुमेह आहे.
• पाळीव्यतिरिक्त अंगावरून रक्त जाते आणि त्याचे कारण कळलेले नाही.
• बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे आणि ते अंगावर पिते.
• टीबीची किंवा फिटची औषधे सुरू आहेत. टीबीच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात. गोळी नियमित घेऊनही दिवस जाऊ शकतात.

मोठे ऑपरेशन ठरले असेल किंवा प्लास्टर घालून बरेच दिवस पडून राहावे लागणार असेल, तरीही गोळी सुरू असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.

सिकलसेल : हा प्रश्न आपण स्वतः विचारला पाहिजे

पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार जास्त आहे आणि त्यातही आपल्या बौद्ध व आदिवासी कुटुंबांत तो अधिक आढळतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, कुठेही जा, आपल्या नात्यागोत्यात एखादे तरी घर या आजाराने ग्रासलेले सापडते. गोळीविषयीची जी माहिती देशभर छापली जाते, तिच्यात या आजाराचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत असतो किंवा नसतोच. म्हणून आपण तो लक्षात ठेवला पाहिजे.

सिकलसेलमध्ये दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. रिपोर्टवर ‘एएस’ लिहिले असेल तर ती व्यक्ती वाहक आहे, आजारी नाही. आईवडिलांपैकी एकाकडूनच तो दोष आलेला असतो. वाहक बहिणीची बाकी तपासणी ठीक असेल तर तिला माला गोळी सहसा चालते. रिपोर्टवर ‘एसएस’ असेल तर ती रुग्ण आहे. रुग्णाच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंग ठणकते, रक्त कमी होते. रक्ताची गाठ होण्याचा धोका अशा बाईला मुळातच जास्त असतो. माला गोळीतल्या इस्ट्रोजेनने तो आणखी वाढू शकतो. म्हणून एसएस असलेल्या बहिणीने माला-एन, माला-डी किंवा तशी गोळी स्वतःहून कधीही सुरू करू नये. छायासुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

याचा अर्थ तिने गर्भनिरोधक वापरू नये असा नाही. उलट तिला त्याची सर्वांत जास्त गरज असते, कारण सिकलसेलच्या रुग्णाला बाळंतपणात आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. ‘हायड्रॉक्सीयुरिया’ हे औषध सुरू असताना दिवस राहू नयेत याची विशेष काळजी घ्यावी लागते. अशा बहिणींसाठी इस्ट्रोजेन नसलेले उपाय आहेत. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन, तांबी किंवा निरोध यातले काय योग्य, ते डॉक्टर ठरवून देतील.

तुम्हाला आपला रिपोर्ट माहीत नसेल तर गोळी मागायला जाल त्याच दिवशी सिकलसेलची तपासणीही करून घ्या. बोटातून थोडे रक्त घेऊन पहिली चाचणी होते. तीत दोष दिसला तर वाहक की रुग्ण हे ठरवणारी दुसरी चाचणी करतात. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. सरकारी केंद्रात या तपासणीचे पैसे लागत नाहीत. रिपोर्टचा कागद आधार कार्डासारखा जपून ठेवा.

माला-एन कशी घ्यावी

पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ गोळ्या संप्रेरकाच्या असतात आणि शेवटच्या ७ वेगळ्या रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घ्यावी. रोज एक, ठरलेल्या वेळी. पाकीट संपले की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करायचे, मध्ये एकही दिवस सोडायचा नाही. लोहाच्या गोळ्या सुरू असताना पाळी येते.

दिवस नाहीत याची खात्री असेल तर पाळीच्या पाच दिवसांनंतरही गोळी सुरू करता येते. मात्र तेव्हा पहिले ७ दिवस निरोध वापरावा. बाळंतपण झाले आहे, पण बाळ अंगावर पीत नाही, अशा बहिणीने तीन आठवड्यांच्या आत ही गोळी सुरू करू नये.

वेळ रात्रीच्या जेवणानंतरची ठेवली तर सोपे जाते. रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत पहाटेच घर सोडावे लागते, तेव्हा सकाळची गोळी हमखास चुकते. मिरची तोडायला किंवा दुसऱ्या कामाला परजिल्ह्यात, परराज्यात जाणार असाल तर आशाताईंकडून आधीच जास्तीची पाकिटे मागून घ्या.

गोळी चुकली तर

संप्रेरकाची एक गोळी चुकली तर आठवताच ती घ्यावी आणि त्या दिवशीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. एका दिवशी दोन गोळ्या झाल्या तरी चालते.

लागोपाठ दोन किंवा जास्त गोळ्या चुकल्या तर आठवताच एक घ्यावी, पुढे रोज एक सुरू ठेवावी आणि ७ दिवस निरोध वापरावा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली असेल तर संप्रेरकाच्या गोळ्या संपल्यावर लोहाच्या ७ गोळ्या सोडून द्याव्यात आणि लगेच नवे पाकीट सुरू करावे. लोहाची गोळी चुकली तर गर्भ राहण्याची भीती नसते.

गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक गोळी घ्यावी. उलट्या-जुलाब दोन दिवसांपेक्षा जास्त चालले तर गोळ्या चुकल्या असे समजून निरोध वापरावा. गोळ्या चुकल्या आणि पाळीही आली नाही, तर लघवीची तपासणी करून घ्यावी.

नवरा नागपूरला किंवा आणखी लांब कामाला असतो म्हणून काही बहिणी तो घरी येतो तेवढ्याच दिवशी गोळी घेतात. अशी गोळी काम करत नाही. माला रोज घ्यावी लागते, नवरा घरी असो वा नसो. नियमाने गोळी घेणाऱ्या १०० स्त्रियांपैकी वर्षभरात एकीलाही दिवस जाणे कठीण असते. चुकतमाकत घेणाऱ्या १०० मध्ये साधारण सात जणींना दिवस जातात. फरक नियमितपणाचा आहे.

छाया कशी घ्यावी

पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी घ्यावी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा. पहिली गोळी रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी. तीन महिने रविवार आणि बुधवार असेच चालवायचे. नंतर फक्त रविवार. पाळी कधीही आली तरी वार बदलायचा नाही. घरातल्या कॅलेंडरवर त्या वारांना खूण करून ठेवावी.

गोळी चुकली तर आठवताच घ्यावी. सात दिवसांच्या आत आठवले तर ठरलेले वार तसेच चालू ठेवून पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांपेक्षा जास्त झाले तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे तीन महिने आठवड्यातून दोनदा, अशी सुरुवात करावी.

बाळ अंगावर पीत असतानाही छाया चालते, हा तिचा मोठा फायदा. या गोळीने काही जणींची पाळी लांबते. पाळी पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करावी. बीजकोशात गाठी (पीसीओएस), नुकतीच झालेली कावीळ, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, टीबी असेल तर छाया घेऊ नये.

फायदे आणि धोके, दोन्ही ऐका

माला गोळीने पाळी नियमित येते, रक्त कमी जाते, पोटात दुखणे कमी होते. ज्या बहिणींचे रक्त कमी आहे त्यांना याचा उपयोग होतो. बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. गोळी बंद केली की पुन्हा दिवस राहू शकतात. म्हणून पहिले मूल लांबवायला आणि दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवायला ती चांगली आहे.

सुरुवातीला मळमळ, डोके दुखणे, छाती जड वाटणे, मधेच थोडे रक्त दिसणे, चिडचिड होणे असा त्रास होऊ शकतो. बहुतेकींना तो तीन महिन्यांत कमी होतो. जेवणानंतर गोळी घेतली की मळमळ कमी होते. त्रास सहन होत नसेल तर सोसत बसू नका, दुसरा उपाय मागा.

मोठा धोका रक्ताच्या गाठीचा आहे, पण तो विरळा आहे. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला साधारण दोघींना अशी गाठ होते. मालासारखी गोळी घेणाऱ्या १०,००० मध्ये पाच ते सात जणींना होते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका गोळीपेक्षाही जास्त असतो. गोळी घेत असताना स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू कमी होतो. म्हणून वर्षातून एकदा तपासणी करावी.

पुढीलपैकी काही झाले तर गोळी लगेच बंद करून दवाखाना गाठा, गरज पडल्यास १०८ ला फोन करा : छातीत दुखणे किंवा दम लागणे, एका पायात सूज आणि कळ, अचानक असह्य डोकेदुखी, नजर धूसर होणे, बोबडी वळणे किंवा हातपाय लुळे पडणे, पोटात तीव्र दुखणे, डोळे पिवळे होणे.

ऐकीव गोष्टी

तथागतांनी कालामांना सांगितले की केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः तपासा. गोळीलाही हाच नियम लावू.

गोळ्या पोटात साचून गोळा होतो, हे खोटे आहे. गोळी विरघळते आणि काही दिवसांत शरीराबाहेर जाते. गोळीने कायमचे वांझपण येते, हेही खोटे. अधूनमधून शरीराला ‘आराम’ म्हणून गोळी बंद ठेवावी लागते, असे नाही. उलट त्याच महिन्यात दिवस जातात. शेजारणीला चालली म्हणून मलाही चालेल, हे मात्र सर्वांत धोक्याचे. शेजारणीचे बीपी वेगळे, तिचा सिकलसेलचा रिपोर्ट वेगळा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : कोणतीही गोळी एचआयव्ही किंवा गुप्तरोगापासून वाचवत नाही. तिथे निरोधच लागतो.

तीन वेगळ्या गोळ्या, एकच समजू नका

निरोध फाटला किंवा काहीच वापरले नाही, तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी घेता येते. जितक्या लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. ती सरकारी केंद्रातही मिळते. ती दर आठवड्याला घ्यायची गोळी नाही आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही.

गर्भपाताच्या गोळ्या पूर्ण वेगळ्या आहेत. मेडिकलमधून आणून घरी लपूनछपून त्या घेणे जिवावर बेतू शकते. खूप रक्त जाते, कधी गर्भ नळीत असतो आणि कळत नाही. आपल्या देशात गर्भपात कायदेशीर आहे. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली असून गर्भनिरोधक साधन फसले या कारणानेही २० आठवड्यांपर्यंत तो मान्यताप्राप्त दवाखान्यात करता येतो. १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते. कायदा नवऱ्याची किंवा सासूची सही मागत नाही.

निर्णय बाईचा, जबाबदारी दोघांची

गोळी घ्यायची, इंजेक्शन घ्यायचे, तांबी बसवायची की काहीच नको, हे ठरवण्याचा हक्क त्या बाईचा आहे. कोणी दटावले म्हणून घेऊ नका आणि कोणी अडवले म्हणून सोडू नका. आशाताईंशी एकटीने बोलायचे असेल तर तसे सांगा.

भावांनो, ही फक्त बायकांची गोष्ट नाही. निरोध तुमच्या हातात आहे. कुटुंब पूर्ण झाले असेल तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी स्त्रीच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची आहे. तिने ताकद जात नाही. बायकोच्या अंगावर सगळा भार टाकून विहारात समतेवर भाषण करणे शोभत नाही.

वर्षावासात वस्तीवस्तीतल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन होते. त्यातल्या एका संध्याकाळी महिला मंडळाने उपकेंद्राच्या सिस्टरना आणि आशाताईंना बोलवावे. वाचनाआधी तासभर बीपीची तपासणी ठेवावी, सिकलसेलची तपासणी कुठे आणि कधी होते ते विचारून घ्यावे, शंका मोकळेपणाने मांडाव्यात. नव्याने लग्न झालेल्या सुनांना पुढच्या रांगेत बसवावे. १९३८ साली ५२ मतांनी जे अडवले, ते आज आपल्या दारात आले आहे. ते नीट समजून वापरणे आपल्या हातात आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम, नमो बुद्धाय!